सरकारी सल्ल्याचा बाजार – लेखांक ९ : वाढ पालिकेच्या हिशेबात आहे

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सल्लागारांच्या धंद्याचं काय होणार, हे आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पीएमयूवरचा, म्हणजे सरकारी खात्यांतल्या प्रकल्प व्यवस्थापन कक्षांवरचा, मागचा लेख वाचून एका वाचकाने विचारलं आहे की, सरकारी सल्लागारीत पुढची दहा वर्षं वाढ आहे तरी कुठे, आणि चार मोठ्या नावांखेरीज तिथे कुणाला शिरकाव आहे का? प्रश्नाचा दुसरा भाग अवघड आहे, पण पहिल्याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. ही वाढ दिल्लीतल्या मंत्रालयांत नाही. ती महापालिका आणि नगरपरिषदांच्या हिशेबात आहे, म्हणजे जिथे मोठ्या कंपन्यांचे भागीदार सहसा फिरकत नाहीत तिथे.

मंत्रालयांचं आधी उरकून घेऊ. २०२३ मध्ये माहिती अधिकारातून पुढे आलेल्या आकड्यांनुसार १६ केंद्रीय मंत्रालयांनी पाच वर्षांत पाच बड्या सल्लागार कंपन्यांना मिळून ५०० कोटींहून थोडे अधिक रुपये दिले होते. त्यावर बराच गदारोळ झाला. पण भागाकार केला तर एका कंपनीच्या वाट्याला वर्षाला वीसेक कोटी येतात, आणि एवढ्यावर कुणाचाही मोठा धंदा उभा राहत नाही. शिवाय हीच बिलं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात. अमेरिकेत २०२५ मध्ये सर्वाधिक पैसे घेणाऱ्या सल्लागार कंपन्यांचे करार केंद्रीय खरेदी यंत्रणेने एकेक करून तपासायला घेतले. ऑस्ट्रेलियात करविषयक गोपनीय माहिती फुटल्याच्या प्रकरणानंतर पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीला आपला तिथला सरकारी व्यवसाय २०२३ मध्ये एका डॉलरला विकावा लागला. वरच्या मजल्यावरची जागा आता आक्रसत जाणार, हे गृहीत धरलेलं बरं.

आता खालच्या मजल्यावरचं गणित पाहा. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर झाला. त्याची अट सरळ आहे: प्रकल्पखर्चाचा जास्तीत जास्त २५ टक्के वाटा हा निधी उचलणार, आणि किमान निम्मी रक्कम शहराने रोखे, बँककर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करायची. निधी पूर्ण वापरला गेला तर एकूण प्रकल्प किमान चार लाख कोटींचे होतात आणि बाजारातून आणायचे होतात दोन लाख कोटी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती. तशा एक हजार रोखेविक्र्या केल्या तर दोन लाख कोटी होतात. उलट, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार आपल्या सगळ्या शहरी संस्थांचं उत्पन्न मिळून देशाच्या सकल उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि तेही दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच अडकलेलं. महाराष्ट्रात जकात आणि स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेल्यावर दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढणारी भरपाई राज्य देतं. पण कर्ज देणाऱ्याला भरपाईपेक्षा स्वतः गोळा केलेला कर दिसावा लागतो. मालमत्ता कराची यादी अर्धवट आणि थकबाकी वर्षानुवर्षं तशीच, अशा पालिकेला कर्ज देणार कोण?

या दरीत जे काम पडून आहे ते चमकदार नाही. मालमत्तांची नव्याने मोजणी, दुहेरी नोंदीचे हिशेब, वेळेवर लेखापरीक्षण, पतमानांकनाची तयारी, कराचं उत्पन्न कर्जफेडीसाठी राखून ठेवणारं एस्क्रो खातं, आणि पाणीपट्टीतून देखभालीचा खर्च निघतो का याचा प्रामाणिक ताळा. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन ठेवण्याची अट घातली, तेव्हा अनेक पालिकांची धावपळ झाली ती याच कामांसाठी. पुण्याचाच दाखला पुन्हा घ्यायचा तर, रोख्यांचा पैसा हाती आल्यावर काही आठवड्यांतच चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या निविदा रद्द झाल्या, आणि व्याज चालू असताना रक्कम बँकेत पडून राहिली. पैसा उभारण्याचा सल्ला चांगला मिळाला होता. प्रकल्प तयार नव्हता. सल्लागारांची वानवा आहे ती या दुसऱ्या बाजूला. स्मार्ट सिटीच्या दशकात सादरीकरणं भरपूर झाली, त्यामुळे आणखी व्हिजन डॉक्युमेंट कुणालाच नको आहेत.

यावरचा गंभीर आक्षेप असा की सल्लागार जितके वाढतील तितकं सरकार स्वतः काम विसरेल. फ्रान्सच्या सिनेटने २०२२ च्या अहवालात हाच ठपका ठेवला, आणि अर्थतज्ज्ञ मारियाना माझुकाटो यांनी २०२३ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या कामांना सारखा लागू होत नाही. आपल्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १८० वा नियम सांगतो की खात्याकडे आवश्यक तज्ज्ञता नसेल तिथेच सल्लागार नेमावा. करवसुली रोजची आहे. ती कायमच्या माणसांनीच करावी आणि लेखा विभागातली रिकामी पदं भरावीत. रोखे मात्र एखादी नगरपरिषद दहा वर्षांत एकदा काढेल, आणि त्यासाठी तिने तज्ज्ञ कायम पगारावर ठेवणं हा उधळपट्टीचाच प्रकार. पीएमयूच्या नावाखाली टंकलेखनापासून टिपण्यांपर्यंत सगळं बाहेरून करून घेणं वेगळं, आणि दुर्मीळ कामासाठी दुर्मीळ माणूस आणणं वेगळं. पहिल्यात वाढ शोधणारी कंपनी पुढच्या काटकसरीच्या पहिल्या फेरीत बाहेर पडेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: लहान गावाची फी देण्याची ऐपत कुठे? एकट्याची नाही, म्हणून गट करावा लागतो. तमिळनाडूने २००२-०३ मध्ये तेरा लहान नागरी संस्थांसाठी एकत्रित निधीतून ३०.४१ कोटींचे रोखे काढले. पाठोपाठ कर्नाटकात बेंगळुरूभोवतीच्या आठ संस्थांनी तोच मार्ग धरला. महाराष्ट्रात २९ महापालिका आणि त्यांच्या खाली काहीशे नगरपरिषदा-नगरपंचायती असताना अशी गटाची रचना नेहमीची व्हायला हवी होती. ती झाली तर फी देणारा एक, तयारीचे कागद एकाच नमुन्याचे, आणि एका शहरात शिकलेलं दुसऱ्यात लागू. सल्लागाराची वाढ म्हणतात ती ही.

यातून वाचकाच्या प्रश्नाच्या अवघड भागाकडे येतो. जिल्ह्याच्या गावातल्या चार्टर्ड अकाउंटंटला आणि निवृत्त लेखाधिकाऱ्याला ही कामं मुंबईच्या कंपनीपेक्षा चांगली जमतील, कारण कोणत्या प्रभागात घरं नोंदलेलीच नाहीत हे त्यांना ठाऊक असतं. पण निविदेत उलाढालीची अट कोट्यवधींची असते आणि ते पहिल्याच पानावर गळतात. त्यात सविस्तर प्रकल्प अहवालाची (डीपीआर) फी बहुधा प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांत ठरते. खर्च वाढला की फी वाढते, म्हणून जुनी जलवाहिनी दुरुस्त करा असं सांगणाऱ्या सल्लागाराचं नुकसान आणि नवी टाका म्हणणाऱ्याचा फायदा. ठरावीक फी, त्यातला काही भाग वर्षभरानंतर वसुली खरोखर वाढली का हे पाहून द्यायचा, आणि उलाढालीऐवजी याआधी पूर्ण केलेल्या कामांना गुण: एवढे बदल निविदेच्या मसुद्यातच करता येतात, त्यासाठी कायदा लागत नाही. सध्याच्या वित्तीय नियमांत गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा आहेच. तरी भाव पाडून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, ठरणाऱ्याला काम देणं अधिकाऱ्यांना सोयीचं वाटतं, कारण स्वस्त घेतलं म्हणून लेखापरीक्षणात सहसा कुणी अडवत नाही. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या आहेत आणि प्रशासकांचा लांबलेला काळ संपला आहे. नव्या स्थायी समित्यांपुढे सल्लागार नेमणुकीचे विषय येतील, तेव्हा फीचा रकाना पाहून झाल्यावर ती कशावर ठरवली आहे हे कुणी विचारतं का, ते पाहायचं. पुढच्या आठवड्यात कृत्रिम बुद्धिमत्ता, आता नक्की.