खुब्याची सावली

या रे पोरांनो, जवळ बसा. उद्या आजीच्या खुब्याचा एक्स-रे काढायचाय. ती विचारत होती, यंत्र टोचतं का, भाजतं का? तिच्या प्रश्नाचं उत्तर एका जुन्या गोष्टीत आहे, तीच सांगतो.

१८९५ सालचा नोव्हेंबर. जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्ग शहरात राँटजेन नावाचे प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत प्रयोग करत होते. विजेची नळी त्यांनी काळ्या पुठ्ठ्याने झाकली होती, उजेडाला बाहेर यायला वाटच नव्हती. तरीही थोड्या अंतरावरचा, रसायन फासलेला पडदा मंद चमकू लागला. मग पुढचे कित्येक आठवडे ते प्रयोगशाळेतच रमले. डिसेंबरात त्यांनी पत्नी बर्था यांचा हात नळीतून निघणाऱ्या त्या अदृश्य किरणांपुढे, म्हणजेच एक्स-रेपुढे, धरला आणि फोटोच्या काचेवर उमटली बोटांची हाडं नि त्यांतली अंगठी! १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं. या शोधाचं पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. मला या माणसाचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्यासाठी.

आता बघा, कंदिलापुढे हात धरला की भिंतीवर सावली पडते ना? एक्स-रेसुद्धा सावलीच. आपलं मांस, चरबी, रक्त बनलंय हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचं. त्यांतून बरेचसे किरण पार जातात. हाडात कॅल्शियम असतं, त्याचा अणू जड, तो किरण अडवतो. जिथे किरण अडले तिथे फिल्म पांढरी राहते. म्हणून आजीने करदोटा, सेफ्टी पिन, कनवटीची नाणी आधीच काढून ठेवायची. धातूचीही सावली पडते आणि नेमकी हाडावरच पडली तर काय दिसणार?

सावली कशी पडेल हे वस्तू कशी धरली यावरही ठरतं, आणि खुब्याची खरी गंमत इथे आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोल उखळीत बसतो. माथ्याखाली हाडाची मान असते आणि ती सरळ बाजूला न जाता जराशी पुढे झुकलेली असते. आपण उताणे झोपलो की पावलं बाहेर कलतात. मग मान सावलीत आखूड दिसते, तिच्यातली चीर लपू शकते. म्हणून एक्स-रे काढणारा पावलं आत वळवून अंगठे जुळवायला सांगतो. दुखरा माणूस कुरकुरतो, पण त्या चार क्षणांवर फोटोचा कस अवलंबून असतो. पडून हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र तो पाय फिरवत नाहीत. अशा वेळी बाजूचा फोटो हवा असला तर चांगला पाय वर धरून किरण आडवे सोडतात. एकच बाजू दुखत असली तरी बहुधा दोन्ही खुबे एका फोटोत घेतात, कारण चांगल्याशी ताडून पाहिलं की बिघडलेला लगेच कळतो.

फोटोत माथा आणि उखळ यांच्यामध्ये काळी फट दिसते. ती काही रिकामी नसते. तिथे कूर्चा असते, जिला लोक ‘गादी’ म्हणतात. तिची सावली पडत नाही, म्हणून फट अरुंद झाली की डॉक्टर गादी झिजल्याचं ओळखतात. तान्ह्या बाळाचा तर अख्खा माथाच कूर्चेचा असतो. म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांत बाळाचा खुबा सोनोग्राफीने तपासतात.

आता आजीच्या भीतीचं. उपाशी राहायचं नाही, किरण टोचत नाहीत, भाजत नाहीत. बटण सोडलं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. एका फोटोत मिळणारा किरणांचा डोस साधारण तेवढाच, जेवढा जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला काही महिन्यांत आपोआप मिळतो. तरी विनाकारण काढू नये. जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. पोटात बाळ असण्याची जरा जरी शक्यता असेल तर त्या बाईने आत जाण्याआधीच सांगावं, संकोच करू नये. आपल्या देशात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

पण सावलीलाही मर्यादा आहे, पोरांनो, आणि हे नीट ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्यातली केसाएवढी चीर पहिल्या फोटोत कधीकधी दिसतच नाही. रक्तपुरवठा तुटून माथा सुकायला लागला तरी सुरुवातीचा फोटो स्वच्छ येऊ शकतो. त्यासाठी एमआरआय लागतो. म्हणून घरातलं कुणी पडलं, फोटो ‘नॉर्मल’ आला आणि तरीही पायावर भार देववत नसेल, तर त्यांना बळेच चालवू नका. पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि स्पष्ट विचारा, पुढची तपासणी करायची का?