नव्या स्पोर्ट-टूररच्या माहितीपत्रकात न छापलेला आकडा

मिलानचं मोटारसायकल प्रदर्शन नोव्हेंबरात भरतं, पण येणाऱ्या गाड्यांची चर्चा त्याच्या कितीतरी आधी रंगू लागते. त्याच चर्चेतून एका वाचकाचा प्रश्न आला आहे: ‘लांबच्या प्रवासासाठी मोठी स्पोर्ट-टूरर घ्यायची आहे. नवं मॉडेल येतंय, ताकद वाढणार, रडारही असणार म्हणतात. थांबू का?’

आधी ताकदीचं पाहू. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. बाइक आणि स्वार मिळून हवेला जेवढं अडवतात त्याचा साधारण अंदाज धरला, तर ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला सात-आठ अश्वशक्ती पुरतात. ताशी २०० ला त्याच्या आठपट, म्हणजे साठच्या आसपास लागतात. २०२५ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आर १३०० आरटीत १४५ अश्वशक्ती आहेत. घाटात ओव्हरटेक करताना, मागे माणूस आणि सामान असताना ही ताकद कामी येते, हे खरं. पण पुढच्या मॉडेलमध्ये आणखी दहा अश्वशक्ती वाढल्या, तर दिवसभराच्या प्रवासात स्वाराला त्या जाणवणार नाहीत. त्याला जाणवते ती हवा.

हे इटालियन मंडळींनी फार आधी मनावर घेतलं. कोमो सरोवराकाठच्या मांदेल्लोत मोतो गुझ्झीने १९५० मध्ये स्वतःचं विंड टनेल उभारलं. त्यात पूर्ण आकाराची मोटारसायकल स्वारासकट उभी राहत असे. एका मोटारसायकल कंपनीने त्या काळात असं काही बांधावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्या दशकातल्या रेसच्या गाड्यांचं पुढचं चाकही झाकणारी अवाढव्य फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं पुढचं आवरण, वेगाला उत्तम होती, पण आडवा वारा आला की गाडी ढकलली जाई. १९५७ च्या हंगामानंतर रेसमध्ये तिच्यावर बंदी आली.

रस्त्यावरच्या गाडीसाठी याचं उत्तर १९७६ मध्ये बीएमडब्ल्यू आर १०० आरएसने दिलं. डिझाइनर हान्स मुथ यांनी तिची फेअरिंग पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये घडवली. इंजिन ७० अश्वशक्तींचं, वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर. ही फेअरिंग हँडलला न लावता चेसिसला पक्की केलेली होती, आणि माझ्या मते खरी हुशारी तिथेच होती. हँडलवर बसवलेल्या फेअरिंगचं वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा जोर, दोन्ही थेट सुकाणूवर येतात. सुकाणू आणि गाडीचं स्थैर्य यांचं गणित तोवर एका माणसाने मांडून ठेवलं होतं. मोटारसायकलच्या जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही.

ते म्हणजे रॉबिन शार्प. लीड्स विद्यापीठात काम करणाऱ्या या ब्रिटिश अभियंत्याने १९७१ मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुचाकी सरळ कशी राहते याची समीकरणं केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी विद्यार्थिदशेतच, १८९९ मध्ये लिहिली होती. पण त्यांत चाक बाजूला जराही सरकत नाही असं गृहीत होतं. शार्प यांनी खरा रबरी टायर गणितात आणला. वळताना तो थोडा बाजूला सरकतो, आणि त्याचं बाजूचं बळ लगेच तयार होत नाही, काही अंतर फिरल्यावर होतं. एवढीशी दिरंगाई हिशेबात धरली आणि स्वार पिढ्यान्‌पिढ्या अंगावर झेलत आलेल्या गोष्टी समीकरणांतून बाहेर पडल्या.

त्यांतल्या दोन महत्त्वाच्या. एक ‘वॉबल’: फक्त हँडल सेकंदाला सहा ते नऊ वेळा थरथरतं. दुसरी ‘वीव्ह’: सेकंदाला दोन-तीन वेळा अख्खी गाडी नागमोडी डोलते, मागची बाजू इकडून तिकडे जाते, गाडी कलते आणि हँडलही त्या तालात फिरतं. झोपाळ्याला एकदा धक्का देऊन सोडलं की झोके लहान होत थांबतात. बेताच्या वेगात वीव्हचंही तसंच होतं, खड्ड्याने किंवा वाऱ्याने दिलेला धक्का दोन-तीन झोक्यांत विरतो. वेग वाढत गेला की हे विरणं मंदावतं. एका मर्यादेपुढे झोके मोठे होऊ लागतात, कारण गाडीच्या स्वतःच्या गतीतूनच त्यांना ऊर्जा मिळत राहते. शार्प यांच्या गणितातला मला सर्वात आवडणारा निष्कर्ष असा: हँडलला डँपर लावला की वॉबल दबतो, पण अतिवेगातला वीव्ह त्यानेच बळावतो. एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगाला खतपाणी घालतं!

टूररच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे, कारण तिच्यावर सामान मागे आणि उंच लादलेलं असतं. गाडीला डोलवणाऱ्या जडत्वात वस्तुमान अंतराच्या वर्गाने मोजलं जातं. तीच बॅग गुरुत्वमध्यापासून ४० ऐवजी ८० सेंटिमीटर मागे ठेवली, की तिचा वाटा चौपट होतो. शिवाय मागचं सस्पेन्शन दबतं आणि पुढचं चाक हलकं पडतं. ब्रिटनमध्ये पोलिसांकडे होंडा एसटी १३०० ही नावाजलेली टूरर होती, तिच्यावर पोलिसी सामग्री चढवलेली असे. एका पोलिसाच्या अपघाती मृत्यूनंतर आणि अतिवेगात डोलण्याच्या तक्रारींनंतर २००७ मध्ये तिथल्या अनेक पोलीस दलांनी ही गाडी वापरातून काढली. शार्प यांच्या निबंधाला तोवर ३६ वर्षं झाली होती.

म्हणून मला रडारच्या गाजावाजाचं कौतुक वाटत नाही. २०२० मध्ये डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही ४ वर पुढे-मागे रडार आलं. पुढच्या वाहनापासून अंतर राखणारं क्रूझ कंट्रोल ही उत्तम सोय आहे. पण ते मुख्यतः पुढे चालणाऱ्या वाहनासाठी बनवलेलं आहे. आपल्या महामार्गावर बसलेली गुरं आणि उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर त्याच्या भरवशावर सोडता येणार नाही. त्यापेक्षा लादलेलं वजन ओळखून मागची उंची आपोआप सावरणारं आणि क्षणोक्षणी डँपिंग बदलणारं सस्पेन्शन मला कितीतरी मोलाचं वाटतं. ते थेट शार्प यांच्या समीकरणांशी भिडतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना मनाई आहे, मग अतिवेगातल्या डोलण्याची चिंता कशाला, असं कोणी म्हणेल. पण झिजलेले टायर, कमी हवा, सैल बेअरिंग आणि वाजवीपेक्षा जड टॉप बॉक्स यांमुळे वीव्ह बऱ्याच कमी वेगातही येऊ शकतो. आपल्याकडे हे चारही एका गाडीवर सहज भेटतात.

तेव्हा वाचकाला माझं उत्तर: दहा अश्वशक्तींसाठी आणि रडारसाठी थांबू नका, सस्पेन्शन बदलणार असेल तर जरूर थांबा. नवी गाडी आली की तिच्या मॅन्युअलमधलं सामानाचं पान आधी मागून घ्या. टॉप बॉक्सच्या वजनाची आणि सामान लावल्यावरच्या वेगाची मर्यादा तिथे असते. मग चाचणीला रिकामी गाडी घेऊ नका. बॉक्स भरून, मागे माणूस बसवून, टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरून चालवायला मागा. विक्रेता तेवढं करू देत नसेल, तर एवढी महाग गाडी त्याच्याकडून घेऊ नका.