लॅपटॉप नाही म्हणून कोडिंग अडत नाही

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम, लोहाऱ्यात मुलांच्या कोडिंगचा विषय निघाला की ‘ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं काम’ असं सहज म्हटलं जातं. हा जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, साधनं तोकडी आहेत, हे खरंच. पण बऱ्याचदा आडव्या येतात त्या ऐकीव समजुती.

गैरसमज : एमएस-सीआयटी झालं म्हणजे कोडिंग आलं.
वस्तुस्थिती : २००१ पासूनचा हा अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. त्याचा उपयोग आहेच. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र संगणकानं काय करायचं, ते आपण पायरीपायरीनं ठरवून द्यायचं असतं.

गैरसमज : इंग्रजी पक्कं हवं.
वस्तुस्थिती : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत राखीव शब्द जेमतेम ३५. माहिती साठवणाऱ्या चलांची नावं मराठीत चालतात. उदाहरणार्थ, हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. ‘ओलावा’ त्याहून जास्त असेल तर ‘वाळवा’, नाहीतर ‘विक्रीला न्या’ असं सांगणारा प्रोग्रॅम पाच ओळींत होतो. तो चालवताना मराठी अंकांत ‘१४’ लिहिलं तरी ‘इंट’ ही आज्ञा ते ओळखते. प्रोग्रॅमच्या आतले अंक तेवढे इंग्रजी लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, सी प्लस प्लस या भाषांचे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात.

गैरसमज : लॅपटॉपशिवाय शिकताच येत नाही.
वस्तुस्थिती : न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात संगणकशास्त्र शिकवणारं ‘सीएस अनप्लग्ड’ उभं केलं, तेच मुळी संगणकाविना. त्यातला एक खेळ कुठल्याही अंगणात जमतो. खडूनं वाटांचं जाळं आखायचं, सहा मुलांच्या हाती आकड्यांच्या चिठ्ठ्या द्यायच्या. वाटा मिळतील तिथं दोघांनी आकडे ताडायचे. लहान आकडा डावीकडं, मोठा उजवीकडं. पलीकडं पोहोचेपर्यंत रांग आपोआप चढत्या क्रमानं लागते. आपल्याकडं एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा ‘सीएसपाठशाळा’ उपक्रम हीच वाट चालतो. पुढं पायथनचा सराव पायड्रॉइड ॲपवर साध्या अँड्रॉइड फोनवर, तोही इंटरनेटशिवाय होतो.

गैरसमज : लहानपणीच महागडा क्लास लावला नाही तर संधी गेली.
वस्तुस्थिती : ही भीती जाहिरातींनी वाढवली. २०२० मध्ये जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर व्हाइटहॅट ज्युनिअर या मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीला पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. नवगुरुकुल ही संस्था तरुण मुलींना राहण्याच्या सोयीसह मोफत प्रोग्रॅमिंग शिकवते. तिथं अनेकींची सुरुवातच शाळा संपल्यावर होते.

खरी उणीव आहे ती अडलं की विचारायला माणूस नसण्याची. धाराशिव आणि तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं सुट्टीत गावी येतात. त्यांनी रविवारचे दोन तास गावच्या वाचनालयात दिले, तर तिथल्या पोरांना सुरुवात करायला एवढं पुरे आहे.