चांगले दाणे घरासाठी ठेवा : शेंगदाणा-नागलीचे बिनपाकाचे लाडू

साक्री तालुक्यात पांझरा आणि कान नद्यांच्या काठी भुईमूग, कोरडवाहू जमिनीत बाजरी, तर पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात नागली व भगर ही पिके घेतली जातात. मुलांच्या वाढीला लागणारे बरेचसे अन्न आपल्याच शेतात पिकते. तरीही शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पुष्कळदा विकतचा बिस्किटाचा पुडाच असतो.

शहरातून अलीकडे शेंगदाण्याचे लोणी आणि ओटचे पोहे एकत्र करून, भट्टीत न भाजता, वड्या किंवा लाडू वळतात. त्यात नवल काही नाही. शेंगदाणा बारीक वाटला की त्याचे तेल सुटते आणि तेच मिश्रण बांधून धरते. आपल्याकडे ओट हे रब्बी हंगामातील हिरव्या चाऱ्याचे पीक आहे. ‘फुले हरिता’ हा त्याचा वाण जनावरांसाठी लावला जातो. खाण्याचे ओट विकत आणावे लागतात. त्यांच्या जागी घरची नागली आणि ज्वारीच्या लाह्या वापरल्या तर पैसा वाचतो आणि पदार्थही कसदार होतो.

लाडवात काय मिळते?

शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने आणि ४५ ते ५० टक्के तेल असते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते मुलांच्या हाडांसाठी उपयोगी आहे. पुढे दिलेल्या प्रमाणात केलेल्या एका लाडवातून अंदाजे १२५ उष्मांक आणि साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात.

आधी दाणा पारखा

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. भुईमूग निघाला की टपोरे दाणे बाजारात जातात आणि सुरकुतलेले, फुटके, डागाळलेले दाणे ‘घरच्यापुरते’ म्हणून मागे राहतात. त्यांचाच कूट भाजीत पडतो आणि त्यांचेच लाडू मुले खातात. ही रीत काटकसरीची वाटली तरी धोक्याची आहे.

अशा दाण्यांवर अस्परजिलस जातीची हिरवट-पिवळी बुरशी वाढते. ती अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर परिणाम करते आणि थोड्या थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. त्यानंतरच्या तपासात या विषाचा शोध लागला. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यात आदिवासी कुटुंबे अधिक होती. भिजलेले धान्य टाकून देणे त्यांना परवडणारे नव्हते.

दाणे भाजल्याने बुरशी मरते, पण विष पूर्ण नाहीसे होत नाही. गूळ आणि वेलचीमुळे चव झाकली जाते, विष तसेच राहते. म्हणून दाणा निवडणे हीच या पदार्थाची पहिली पायरी आहे.

शेतापासून डब्यापर्यंत काळजी

१. खरिपाचा भुईमूग काढताना पुष्कळदा परतीचा पाऊस असतो. उपटलेले वेल ढीग करून ठेवू नयेत. शेंगा वर राहतील अशा रीतीने पसरून वाळवावेत.

२. शेंगांतील ओलावा ८ ते ९ टक्क्यांपर्यंत खाली आणावा. शेंग हलविल्यावर दाणा खुळखुळ वाजला आणि दाणा बोटांनी चोळल्यावर साल सहज सुटली, म्हणजे शेंगा वाळल्या असे समजावे.

३. फोडणे सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडू नये. बुरशीला त्यानेच आमंत्रण मिळते.

४. घरच्या वापराचा माल शेंगांच्या रूपातच, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा आणि लागेल तसा फोडावा. टरफल हे दाण्याचे उत्तम संरक्षण आहे.

५. दाणे दोनदा निवडावेत. पहिल्यांदा कच्चे असताना सुरकुतलेले, काळपट, मोड आलेले, किडके व फुटके दाणे काढावेत. दुसऱ्यांदा भाजून, साल पाखडल्यावर पाकळ्या उजेडात पाहाव्यात. आतून तपकिरी, काळ्या किंवा पिवळसर डाग असलेल्या पाकळ्या बाजूला काढाव्यात. दाणा कडू लागला तर तो थुंकून टाकावा.

बुरशीचे दाणे गाई-म्हशींना घालू नयेत, कारण त्या विषाचा अंश दुधात उतरतो. ते घाण्यावरही देऊ नयेत. वस्तीपासून दूर खोल पुरून टाकावेत.

साहित्य (सुमारे ४० लाडवांसाठी)

भाजून सोललेले शेंगदाणे ५०० ग्रॅम, नागलीचे पीठ १५० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या ५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, चिरलेला मऊ गूळ ३०० ग्रॅम, वेलची किंवा सुंठ चवीपुरती.

कृती

१. शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवीत भाजावेत. पूर्ण थंड झाल्यावर चोळून साल पाखडावे.

२. नागलीचे पीठ कोरडेच, खमंग वास येईपर्यंत भाजावे. कच्चे पीठ वापरू नये. ते बाधते आणि लाडू चिकट होतो. ओटचे पोहे मात्र कारखान्यात वाफवून चपटे केलेले असतात, म्हणून ते थोडे गरम केले तरी चालतात. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. येथपर्यंतच चूल लागते. पुढे पाक नाही, तळण नाही.

३. शेंगदाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. आधी कूट होईल, मग तो भांड्याच्या कडेला चिकटू लागेल आणि शेवटी तेल सुटून मऊ गोळा तयार होईल. वीज नसेल तर खलबत्त्यात कुटून किंवा पाट्यावर वाटूनही हे साधते. पाव भाग दाणे जाडसर ठेवल्यास लाडू खुसखुशीत लागतो.

४. गोळ्यात गूळ घालून पुन्हा कुटावे. गूळ एकजीव झाला की नागलीचे पीठ, तीळ आणि वेलची मिसळावी. लाह्या शेवटी हलक्या हाताने घालाव्यात.

५. लिंबाएवढे लाडू वळावेत, किंवा मिश्रण तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात. मिश्रण मोकळे वाटल्यास चमचाभर तूप किंवा आणखी थोडा शेंगदाण्याचा गोळा घालावा. पाणी किंवा दूध मुळीच घालू नये. हात आणि भांडी कोरडी असावीत.

नागलीऐवजी बाजरीचे पीठही चालते. लोहाचे प्रमाण जास्त असलेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला आहे. मात्र बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून ते ताजे दळून लगेच भाजावे.

साठवण आणि खबरदारी

लाडू घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवल्यास १५ दिवस चांगले राहतात. खवट वास आला तर ते खाऊ नयेत. चार वर्षांखालील मुलांना अख्खा किंवा जाड दाणा देऊ नये, तो घशात अडकतो. त्यांच्यासाठी सर्व दाणे बारीक वाटावेत आणि लाह्या वगळाव्यात. शेंगदाणा खाऊन अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे. गूळ हीसुद्धा साखरच आहे, म्हणून मधुमेहींनी बेताने खावे. बचत गटांनी विक्रीसाठी लाडू करायचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. अधिक माहितीसाठी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

यंदा भुईमूग निघाल्यावर बाजाराची पोती भरण्यापूर्वी घरासाठी एक पोते पहिल्या प्रतीच्या शेंगांचे बाजूला ठेवा. त्या पोत्याचे मिळाले असते तेवढे पैसे सोडावे लागतील, पण वर्षभर घरातल्या मुलांच्या पोटात निर्धोक दाणा जाईल.