दोन सरकारं, एक जिना

लासलगाव बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तो राज्याच्या १९६३ च्या पणन कायद्याने. तोच कांदा परदेशात जाऊ द्यायचा की नाही, हे ठरतं दिल्लीत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली आणि इथले लिलाव बंद पडले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्क मागे ठेवूनच. ट्रॉली एक, तिच्यावर हुकूम दोन सरकारांचा.

मग भांडण झालं तर कोर्टंही दोन हवीत ना? अमेरिकेत तशी आहेत. तिथला शेतकरी व्यापाऱ्यावर पैशांचा दावा लावतो तो साधारणपणे राज्याच्या कोर्टात; व्यापारी दुसऱ्या राज्यातला असेल आणि रक्कम ७५ हजार डॉलरच्या वर असेल, तर संघराज्याच्या कोर्टाचं दारही उघडतं. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात राज्याचंच सर्वोच्च न्यायालय शेवटचं. आपण हा मार्ग घेतला नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं, की राज्यव्यवस्था दुहेरी असली तरी न्यायव्यवस्था एकच राहील.

ही एकच व्यवस्था लासलगावकराला भेटते ती निफाडला. रेल्वेने गेलं तर मधे फक्त उगाव. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म याच निफाडचा, १८४२ चा. पुढे १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

समजा, व्यापाऱ्याने कांद्याच्या पट्टीपोटी दिलेला चेक वटला नाही. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवसांची मुदत, ती टळली की महिन्याच्या आत फिर्याद. चेक व्यापाऱ्याने कुठल्याही गावी फाडलेला असो. शेतकऱ्याने तो आपल्या लासलगावच्या खात्यात भरला असेल, तर केस निफाडलाच चालते. २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली, आणि माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचं मोल मोठमोठ्या घोषणांहून जास्त आहे. आता गंमत बघा. चेकचा कायदा १८८१ चा, केंद्राचा. तो चालवणारे न्यायदंडाधिकारी निवडले एमपीएससीच्या परीक्षेतून, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून, आणि त्यांच्यावर ताबा सरकारचा नाही, मुंबई हायकोर्टाचा. शिक्षा झाली तर अपील सत्र न्यायालयात. दिवाणी दाव्याचं पहिलं अपील बहुधा जिल्हा न्यायालयात संपतं. दुसऱ्या अपिलाला हायकोर्टात जायचं तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो, नुसतं ‘निकाल चुकला’ म्हणून भागत नाही. सुप्रीम कोर्ट त्याच्याही वर, पण तिथे आधी परवानगीच मागावी लागते.

आपल्याकडे वाट फुटते ती केंद्र आणि राज्य यांच्यात नाही, कोर्ट आणि कचेरी यांच्यात. लिलावानंतर माल खाली करताना व्यापाऱ्याने वांधा काढला, तर पहिली धाव बाजार समितीकडे, आणि समितीवर देखरेख सहकार खात्याच्या निबंधकांची. बांधावरचा रस्ता शेजाऱ्याने अडवला, तर तहसीलदार. ते ऐकतात १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. फेरफाराचा वाद तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी असा चढत जातो. या साहेबांच्या टेबलावर तारखा पडतात, वकील उभे राहतात. पण दुपारी त्याच साहेबांना पंचनाम्याला किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याला जायचं असतं. पक्षकाराला हा फरक कळतो तो तारीख हुकल्यावर.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांवर एवढी चर्चा झाली, पण त्यातल्या व्यापार कायद्याची एक तरतूद आमच्याकडे फारशी कुणी वाचली नाही. बाजार समितीच्या आवाराबाहेर झालेल्या सौद्याचा वाद प्रांताकडे न्यायचा, दिवाणी कोर्टाने त्यात हातच घालायचा नाही, असं तिच्यात होतं. म्हणजे निफाडचं कोर्ट बाजूला, प्रांत कचेरी पुढे. सुप्रीम कोर्टाने १२ जानेवारी २०२१ रोजी या कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि वर्षअखेर संसदेने ते मागेच घेतले.

कचेरीचा निकाल मात्र शेवटचा शब्द नसतो. तिथली वाट संपली की रिट घेऊन हायकोर्टात जाता येतं, आणि दोन्ही वाटा तिथे एक होतात. नाशिक जिल्ह्याचं हायकोर्ट मुंबईला. येवला ओलांडून वैजापुरात शिरलं, की तिथल्या लोकांचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला.

निर्यातबंदीसारख्या दिल्लीच्या हुकुमाविरुद्धही मुंबईत रिट करता येतं, पण पूर्वी तसं नव्हतं. केंद्र सरकारचं ठाणं दिल्लीत, म्हणून त्याच्यावर रिट काढण्याचा अधिकारही दिल्ली ज्याच्या हद्दीत ते हायकोर्टच बजावू शकतं, असा अर्थ १९५३ च्या एका निकालानंतर लागू लागला होता. त्या काळी ते पंजाब हायकोर्ट. १९६३ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने ते बदललं. जिथे दाव्याचं कारण घडलं, तिथल्या हायकोर्टाला केंद्रावरही रिट काढता येऊ लागलं. कांदा लासलगावच्या चाळीत सडत असेल, तर कारण इथे घडलं. केंद्राच्या वकिलाने उत्तर द्यायला मुंबईत यायचं.