आकाशातील जळती रांग : उल्का की अग्निबाणाचे अवशेष?

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत असंख्य लोकांनी आकाशातून संथपणे सरकणारी जळती रांग पाहिली. कुणाला ती उल्का वाटली, तर कुणाला कोसळणारे विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे अजस्र कडे आढळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'चांग झेंग ३बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात परतल्याचे हे दृश्य असावे, असे मत अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मार्ग व वेळ ताडून मांडले.

अशा प्रकाशाची ओळख पटते ती मुख्यतः वेगावरून. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांत विझते. अग्निबाणाचा अवशेष सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा शिरतो. त्यामुळे तो तुटत, शेपट्या सोडत मिनिटभर किंवा अधिक काळही दिसू शकतो. एका रेषेत चालणारे, शेपटी नसलेले स्थिर ठिपके दिसले, तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात. ते जळत नसतात. सूर्यप्रकाश परावर्तित करतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच दिसेनासे होतात.

अंतराचा अंदाज मात्र हमखास चुकतो. लाडबोरीपासून भोपाळ सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. लाडबोरीच्या माथ्यावर ८० किलोमीटर उंचीवर काही जळत असेल, तर भोपाळच्या बिट्टन मार्केटमधून ते क्षितिजापासून जेमतेम १० अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर दिसेल. तिथे भाजीबाजाराच्या दिव्यांआड आणि इमारतींमागे ते सहज लपेल. मोकळ्या माळावरून पाहणाऱ्याला मात्र ते शेजारच्या गावात पडले असे वाटेल. पणजीहून तेच दृश्य क्षितिजाला टेकलेले असेल.

या नोंदींना कायदेशीर मोलही आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर हानी झाली, तर प्रक्षेपण करणारा देश भरपाईस बांधील असतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. परंतु वस्तू कोणाची, हे ठरावे लागते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा 'कॉसमॉस ९५४' हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. त्यापोटी १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले.

म्हणूनच असा प्रकाश दिसल्यास अचूक वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि किती सेकंद दिसला हे टिपून ठेवावे. धातूचा तुकडा आढळल्यास त्याला हात लावू नये. त्यावर विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तो घरी न नेता पोलिसांना कळवावे.