आजची ग्रीक भाषा

होमर व प्लेटो मुळांतून वाचलेला विद्वान् अथेन्सच्या बाजारांत उभा राहिला, तर भाजीवाल्याचें बोलणें त्यास कळेलच असा भरंवसा नाहीं. अक्षरें तींच चोवीस. उच्चार मात्र पालटले. पश्चिम युरोपांतील विद्यालयें प्राचीन ग्रीकचें जें अक्षर ‘ब’ म्हणून शिकवितात, तें आज ग्रीसमध्यें ‘व’ आहे. ‘इ’ हा एकच स्वर सहा प्रकारांनीं लिहिला जातो. मराठींतील ऱ्हस्वदीर्घाचा जाच त्यापुढें कांहींच नव्हे!

मराठी मनुष्यास तीन लिंगांचें भय नाहीं. तीं त्याच्या घरचींच. परंतु ‘ने’ म्हणजे ‘होय’, हें कानास पटावयास दिवस लागतात. (नकार ‘ओही’ असा आहे.) ‘लिहूं इच्छितों’ ही प्राचीन धर्तीची रचनाही लोपली, आतां ‘थेलो ना ग्राप्सो’, म्हणजे ‘इच्छितों कीं मीं लिहावें’, असें म्हणतात.

शिकावयाची कोणती ग्रीक, हा वाद एके काळीं रक्तपातापर्यंत गेला होता. १९०१ सालीं शुभवर्तमानाचें लोकभाषेंतील भाषांतर वृत्तपत्रांत येऊं लागतांच अथेन्समध्यें दंगल उसळली व आठ माणसें प्राणांस मुकलीं. पंडितांनीं घडविलेली ‘काथारेवुसा’ म्हणजे शुद्ध भाषा त्यानंतरही दीर्घकाळ राजमान्य राहिली. १९७६ मध्यें कायद्यानें शाळांत लोकभाषा आली. १९८२ मध्यें अक्षरांवरील नाना चिन्हें जाऊन आघाताचें एकच उरलें. यास्तव जुन्या बाजारांतून ग्रीक व्याकरण घेणारानें प्रथम मुद्रणाचें साल पाहावें. नाहीं तर महिनोन्‌महिने घोकलेलें बोलतांच अथेन्सचा दुकानदार गालांत हंसेल.